तळटीप : वैल

१४. ‘दूध वैलावर सरकवलं’ : वैल म्हणजे मातीच्या चुलीला लागून असलेले धाकटे तोंड, काही घरांत ‘औल’. त्यात वेगळे सरपण घालत नाहीत. मुख्य चुलीचा जाळ आतल्या भोकातून तिकडे येतो. त्या मंद धगीवर दूध उतू जात नाही आणि साय जाड धरते. चांदूर बाजारच्या कापूसपट्ट्यात चुलीत पऱ्हाटी नि तुराट्या जळत. त्या भडकन पेटतात, पण त्यांचा निखारा टिकत नाही; तो हवा तर बाभळीचे लाकूड. जाळ विझल्यावर धग सांभाळते ती जाड माती. वजनागणिक मातीत पाण्याच्या जेमतेम एक-पंचमांश उष्णता मावते. पण चुलीची माती भरपूर असते आणि घेतलेली ऊब सावकाश सोडते. रात्री निखारे राखेखाली झाकले, की हवा कमी मिळून ते हळू जळतात. सकाळी फुंकणीने विस्तव पुन्हा फुलवता येतो. ऑस्ट्रिया-जर्मनीतील ‘काखेलओफेन’ ही घर उबवणारी भट्टीही ऊब साठवूनच चालते : थोडा वेळ जोरात जाळ, मग कित्येक तास ऊब. फरक धुराच्या वाटेचा. तिथे धूर विटांच्या नागमोडी पोकळीत उष्णता सोडत धुराड्याने बाहेर पडतो. आपल्याकडे तो कौलांखाली घुटमळतो. निखाऱ्यांची शेगडी मात्र बंद खोलीत उशाशी घेऊ नये : धूर दिसला नाही तरी विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. – संपा.