धूळपाटी, कित्ता आणि वही : मराठीतील लेखनसरावाचा इतिहास

मराठी भाषेने आपल्या शाळेचा इतिहास वाक्प्रचारांत जपून ठेवला आहे. 'कित्ता गिरवणे', 'ओनामा', 'धुळाक्षरे', 'पाटी कोरी असणे', 'उजळणी करणे', 'खर्डेघाशी' हे शब्द आपण आज अलंकारिक अर्थाने वापरतो. पण त्यांतील प्रत्येकामागे एके काळी हाताने करावयाची एक ठोस कृती होती. 'ओनामा' हा 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचा मुलांच्या तोंडी झालेला अवशेष. 'ओनामासीढ' अशी त्याची मोडतोड झाली. 'उजळणी' म्हणजे घासूनपुसून लख्ख करणे. 'कित्ता' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. गुरूने लिहून दिलेला नमुना, ज्यावरून शिष्याने हात फिरवायचा. लेखन हे आधी हाताला आणि मग मनाला येते, अशी एक जुनी धारणा या शब्दांच्या मुळाशी दिसते. ही धारणा कुठवर खरी आणि कुठे अपुरी, हे पाहावयाचे तर लेखनसरावाचा इतिहासच तपासावा लागतो.

पंतोजींच्या शाळेत या सरावाचे पहिले साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटकरीची पूड पसरायची, तिच्यात अक्षर कोरायचे, पुसायचे, पुन्हा कोरायचे. हे साधन केवळ मुलांचे नव्हते. आपल्या प्राचीन अंकगणिताला 'पाटीगणित' आणि 'धूलिकर्म' ही नावे याच फळीवरून आणि याच धुळीवरून मिळाली. धुळीत केलेली चूक टिकत नाही, ही धूळपाटीची मोठी सोय. कागद महाग असलेल्या काळात ती सोय आर्थिक होतीच; पण शिकणाऱ्याला चुकण्याची भीती वाटू नये, ही शैक्षणिक सोयही तीत आपोआप साधत होती. मात्र जे टिकत नाही त्याच्याकडे मागे वळूनही पाहता येत नाही. कालचे अक्षर आणि आजचे अक्षर शेजारी ठेवून तुलना करण्याची शक्यता धूळपाटीत नाही.

या धूळपाटीने एक दूरचा प्रवास केला आहे. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या लष्करी आश्रमाचा प्रमुख असलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले आणि ती रीत आपल्या संस्थेत आणली. थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवायचे, या तत्त्वाची जोड देऊन त्याने १७९७ मध्ये आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये ही 'मद्रास पद्धती' म्हणून गाजली. जोसेफ लँकेस्टर यानेही लंडनच्या गरीब मुलांसाठी काढलेल्या शाळेत वाळूचे मेज वापरले. पुढे मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे आदर्श होता तो याच लँकेस्टरच्या पद्धतीचा. म्हणजे आपल्याकडची धूळ लंडनला जाऊन 'पद्धती' होऊन परत आली!

धूळपाटीनंतरचा टप्पा कित्त्याचा. येथे मराठीत लेखनाचे दोन मार्ग फुटतात. एक मोडीचा आणि दुसरा बाळबोधीचा. मोडी ही दफ्तराची लिपी. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता झरझर लिहीत जायचे. वेग हा तिचा गुण. तिच्या सरावातून घडणारा विद्यार्थी पत्रे, हिशेब, दस्तऐवज लिहिणारा कारकून होई. खर्डा करणे, मायने पाठ असणे, कोणाला कोणत्या पायरीने संबोधावे याची जाण असणे, हे त्याचे कौशल्य. बाळबोधी ही पोथीची लिपी. तिला घाई चालत नाही. एकेक अक्षर स्वतंत्र, सावकाश आणि घोटून काढायचे.

या दुसऱ्या परंपरेचे सर्वांत सुंदर शास्त्र समर्थ रामदासांनी लिहून ठेवले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास 'लेखनक्रियानिरूपण' हा आहे. अध्यात्मग्रंथात लेखनाच्या कारागिरीला असे मानाचे स्थान मिळावे, हीच मोठी अर्थपूर्ण गोष्ट. अक्षर कसे वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळींत अंतर कसे राखावे, ग्रंथाचे पहिले अक्षर जसे असेल तसेच शेवटचेही कसे असावे, हे समर्थ बारकाईने सांगतात. तरुणपणी अक्षर फार बारीक काढू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही, हा त्यांचा इशारा तर लेखकाला स्वतःच्या भावी वाचकाच्या जागी उभे करणारा आहे. पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झिजला तरी मजकूर वाचेल, असेही ते सांगतात. शाई, लेखण्या, कागद, चाकू या सरंजामाचीही नोंद आहे. असा ग्रंथ पाहून लिहिणाऱ्याला एकदा भेटावे असे लोकांना वाटले पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा. अक्षराच्या सरावाला येथे चारित्र्याच्या घडणीचा अर्थ आला आहे.

तरीही एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. कित्ता मोडीचा असो वा बाळबोधीचा, त्यात विद्यार्थी दुसऱ्याचे लिहितो. मजकूर ठरलेला, मायना ठरलेला, ओवी ठरलेली. 'मला काय वाटते' हे लिहिण्याची जागा या सरावात नव्हती. ती जागा त्या काळात शाळेबाहेर सापडते. तुकोबांच्या संदर्भात आपण 'वह्या' हा शब्द वापरतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वही ही मुळात व्यापाऱ्याची, जमाखर्चाची. महाजनकी असलेल्या घरातील या वाण्याने सावकारीची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. आणि पुढे त्याच इंद्रायणीत अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, हेही तीच परंपरा सांगते. देण्याघेण्याची वही स्वतःच्या मनाच्या हिशेबाची वही झाली, तेव्हा ती कोणाला तरी बुडवावीशी वाटली. वहीत कोण लिहितो आणि काय लिहितो, हा प्रश्न मराठीत अगदी आरंभापासून निरुपद्रवी नव्हता.

एकोणिसाव्या शतकात शाळा बदलली. १८२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शालापुस्तक मंडळीच्या कामातून छापील पुस्तक वर्गात आले. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले. आज आपण ज्या स्वल्पविरामाला आणि प्रश्नचिन्हाला गृहीत धरतो, ती चिन्हे मराठी गद्यात रुळण्यात शालेय पुस्तकांचा वाटा मोठा आहे. पोथीच्या अखंड ओळीतून वाक्य वेगळे झाले. वाक्य वेगळे झाले की ते तपासता येते, त्यावर खूण करता येते. 'शुद्धलेखन' ही कल्पना येथे जन्मली. या शब्दाचे दोन अर्थ मात्र आजतागायत एकमेकांत मिसळलेले आहेत. रोज एक पान पुस्तकातून उतरवून काढणे, म्हणजे वळणदार अक्षराचा सराव, हा एक अर्थ. आणि ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार यांचे नियम पाळणे हा दुसरा. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या आणि १९७२ च्या नियमांनी दुसऱ्या अर्थाला अधिकृत रूप दिले. दोन्हींत एक गोष्ट समान राहिली : विचार कोणाचा, याची चौकशी नाही.

ती चौकशी सुरू झाली निबंधाने. 'निबंध' हा शब्दही मूळचा धर्मशास्त्रातला. तेथे तो पूर्वीच्या वचनांचे संकलन करून निर्णय देणाऱ्या ग्रंथाला लावीत. इंग्रजी 'एसे'साठी तो वर्गात आला आणि त्याचा अर्थ पालटला. मराठी निबंधाचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः १८७४ या वर्षापाशी थांबतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' त्या वर्षी सुरू झाली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले. मराठी गद्याला तिने दिलेला डौल नाकारण्याचे कारण नाही. परंतु लेखनसरावाच्या इतिहासात त्याहून एकोणीस वर्षे आधीची एक तारीख अधिक महत्त्वाची मानावी लागेल.

१८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये एका विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मांग समाजातील, कोवळ्या वयाची मुलगी. विषय : मांग-महारांचे दुःख. स्वरूपाने पाहिले तर हा शाळेतला निबंध आहे. तीन-चार वर्षांच्या शिक्षणानंतर केलेला लेखनाचा सराव. पण त्यात ती विचारते काय? वेद वाचण्याचा अधिकार जर आम्हाला नाही, तर आमचा धर्म कोणता? इमारतींच्या पायात आमच्या माणसांना गाडले गेले, ते कोणत्या न्यायाने? बाळंत होणाऱ्या आमच्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसते, तेव्हा त्यांची काय दशा होत असेल? शेवटी आपल्या जातिबांधवांना ती ज्ञानाचे औषध घ्यायला सांगते. कित्त्यावरून हात फिरवून हे लिहिता आले नसते. तिच्यापुढे या विषयाचा कित्ताच नव्हता.

येथे एक विरोध ठळकपणे नोंदवावासा वाटतो. फुल्यांच्या शाळेत लेखनाचा सराव विद्यार्थ्याच्या अनुभवापर्यंत पोहोचला. उलट 'निबंधमाले'त चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाची जी टवाळी केली, तीत व्याकरणाच्या चुकांचा समाचार मोठ्या चवीने घेतलेला आहे. एकाची कसोटी काय सांगायचे आहे ही, तर दुसऱ्याची कसे सांगितले आहे ही. या दोन कसोट्यांमधला ताण आजच्या प्रत्येक तपासलेल्या वहीत असतो. लाल शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारून दिलेल्या पानावर विद्यार्थ्याने मांडलेल्या विचाराविषयी एक शब्दही नसावा, असे किती वेळा होते! व्याकरण नको असे म्हणणे नाही. मुक्तेचा निबंध छापला गेला, कारण तिला वाक्य लिहिता येत होते. पण वाक्य हे साधन आहे, हे तिच्या शिक्षकांना ठाऊक होते.

वहीला दुसरी बाजू असते ती वाचणाऱ्याची. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिक्षक त्याच्या वहीला हात लावीत नसत, असे बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात नमूद आहे. पाणी नाकारण्याच्या क्रौर्याविषयी आपण बोलतो. वही न तपासण्याच्या क्रौर्याविषयी फारसे बोलत नाही. जिला कोणी हात लावत नाही ती वही म्हणजे धूळपाटीच. लिहिलेले असते, पण पोहोचलेले नसते. लेखनाचा सराव हा एकट्या विद्यार्थ्याचा व्यायाम नसून दोन माणसांमधला व्यवहार आहे, हे या एका नोंदीइतके स्पष्ट दुसरे कशानेही होत नाही.

विसाव्या शतकात या व्यवहाराची काही प्रसन्न रूपेही दिसतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कार्यामागे असलेल्या माँटेसरी पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते. धूळपाटीचेच हे नवे रूप. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढीत. शिक्षक स्वतः रोज लिहितो, हे मुलांना दिसत असे. महाविद्यालयांतील हस्तलिखित वार्षिके आणि भित्तिपत्रके हा याच परंपरेचा विस्तार. परीक्षेच्या गुणांशी त्यांचा संबंध नव्हता, आणि बहुधा म्हणूनच अनेकांचे पहिले खरे लेखन तेथे झाले.

आज पदवीच्या वर्गात काय दिसते? प्राध्यापकाने सांगितलेली टिपणे उतरवून घ्यायची आणि उत्तरपत्रिकेत ती परत करायची, ही रीत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. अपेक्षित प्रश्नसंच हा तिचा छापील अवतार. भ्रमणध्वनीवर आयती उत्तरे मिळू लागल्यापासून ती आणखी सोपी झाली आहे. पण तंत्रज्ञानाला दोष देण्यापूर्वी हे ओळखले पाहिजे की ही रीत नवी नाही. हा कित्ताच आहे, फक्त त्यातून अक्षराचे वळण वजा झाले आहे. जुन्या कित्त्याने निदान हात तरी घडवला!

या इतिहासातून साहित्याच्या अध्यापकाने घ्यावयाच्या गोष्टी साध्या आहेत. धूळपाटीकडून चुकण्याची मुभा घ्यावी : आठवड्याला एक पान असे असावे की ज्याला गुण नाहीत. समर्थांकडून चिकाटी घ्यावी आणि विद्यार्थ्याला स्वतःचा भावी वाचक व्हायला शिकवावे : पहिला खर्डा फाडू न देता दुसऱ्याच्या शेजारी ठेवावा, म्हणजे सहा महिन्यांनी त्याला आपली वाट दिसेल. कादंबरीतील एका परिच्छेदाचे स्वतःच्या शब्दांत कथन, कवितेविषयी पडलेला एकच प्रश्न, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलीतील दहा शब्द आणि त्यांचे प्रसंग, असे छोटे स्वाध्याय प्रश्नसंचातून उतरवता येत नाहीत. आणि फुल्यांच्या शाळेकडून घ्यावयाचे ते हे, की विषय विद्यार्थ्याच्या जगण्याला भिडणारा असला पाहिजे.

साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात इतक्या वह्या तपासणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक ओळ तपासणे शक्य नाही. तशी गरजही नाही. वहीच्या डाव्या बाजूला आपण जी मोकळी जागा सोडतो तिला मराठीत 'समास' म्हणतात. समर्थांनी ती कागदाच्या झिजेसाठी सोडायला सांगितली. शाळेने ती शिक्षकासाठी राखली. त्या जागेत दर पानाला एक प्रश्न लिहिणे एवढे तरी आपल्याला जमण्यासारखे आहे : 'हे तुला कशावरून वाटले?' पुढच्या पानावर विद्यार्थी त्याचे उत्तर लिहील. कदाचित चुकीचे लिहील, ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुकाही करील. पण ते उत्तर त्याला कोठूनही उतरवून घेता येणार नाही.