नियमाबाहेरचा व्हिसा : २०१७ ची गोष्ट

आजचा विषय आहे व्हिसा, आणि तोही नियमात न बसणारा. नियमात बसणाऱ्या अर्जावर वकिलातीतला साधा अधिकारीही शिक्का मारतो. पण दार बंद आहे आणि बाहेर मरणाशी झुंजणारा माणूस उभा आहे, तेव्हा कोणीतरी वरच्याने निर्णय घ्यावा लागतो. आपल्याकडे हा अधिकार कसा वापरला गेला, हे समजून घ्यायला २०१७ सालाइतके चांगले उदाहरण नाही.

आधी कायदा. परकीयांसंबंधीचा १९४६ चा कायदा इंग्रजांनी जाता जाता केला आणि आपण तो जवळजवळ ८० वर्षे चालवला. परकीय माणसाने देशात यावे की नाही, कुठे राहावे, कधी निघावे, हे सगळे ठरवण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. १९५५ मध्ये हॅन्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध असल्याचे सांगितले. लक्षात घ्या, अधिकार सरकारचा आहे, एखाद्या मंत्र्याच्या खिशातला नाही. व्हिसाचे धोरण गृह मंत्रालय ठरवते, परदेशात व्हिसा देतात परराष्ट्र खात्याच्या वकिलाती. अर्जदार पाकिस्तानी असेल तर सुरक्षा तपासणीची चाळणी आणखी बारीक होते, आणि ती तशी असलीच पाहिजे.

पाकिस्तानच्या बाबतीत सवलत किती नाजूक असते बघा. ८ सप्टेंबर २०१२ ला दोन्ही देशांनी नवा व्हिसा करार केला. ६५ वर्षांवरील नागरिकांना अटारीला पोहोचल्यावर व्हिसा मिळणार होता. ही सोय १५ जानेवारी २०१३ ला सुरू व्हायची होती. त्याआधी ८ जानेवारीला पूंछच्या मेंढर भागात पाकिस्तान्यांनी आपले दोन जवान मारले आणि लान्स नायक हेमराज यांचे शिर कापले. सोय सुरू होण्याआधीच थांबली. १५ जानेवारी हा आपला सेना दिन असतो.

आता २०१७. कुलभूषण जाधव हे नौदलातले निवृत्त अधिकारी, आपले मराठी माणूस. १० एप्रिलला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यांच्या आईने मुलाला भेटण्यासाठी व्हिसा मागितला. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी पाकिस्तानी पंतप्रधानांचे परराष्ट्र सल्लागार सरताज अझीझ यांना स्वतः पत्र लिहिले. पत्र मिळाले, एवढे कळवण्याचे सौजन्यही दाखवले गेले नाही.

इकडे यकृत, हृदय, कर्करोग अशा आजारांचे पाकिस्तानी रुग्ण दिल्ली, चेन्नईच्या रुग्णालयांसाठी व्हिसा मागत होते. मे महिन्यापासून भारताने एक अट घातली : अर्जासोबत सरताज अझीझ यांचे शिफारसपत्र आणा. पाकिस्तानने आरडाओरडा केला. १० जुलैला स्वराज यांनी ट्विटरवर जाहीरपणे सांगितले की रुग्णांबद्दल मला सहानुभूती आहे, अझीझ यांनी आपल्याच नागरिकांसाठी शिफारस करावी, व्हिसा लगेच देऊ. आणि जाधवांच्या आईचा अर्ज पडून असल्याचेही त्याच दमात सांगितले.

डावपेच म्हणून ही खेळी मला पक्की वाटते. शिफारस द्यावी, तर मग एका आईच्या अर्जावर गप्प का, हा प्रश्न येतो. न द्यावी, तर स्वतःच्या आजारी माणसांना अडवल्याचा ठपका. पण खेळी कितीही पक्की असली तरी त्यात गेलेले दिवस रुग्णांचे होते, आणि यकृताची गाठ कोणाच्या पत्राची वाट बघत नाही. स्वराज यांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांचे स्वतःचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले होते.

१८ जुलैला त्यांनी एक अपवाद केला. पाकव्याप्त काश्मीरमधल्या रावळकोटच्या एका तरुणाला यकृताच्या गाठीवर दिल्लीत उपचार हवे होते. स्वराज म्हणाल्या, तो प्रदेश भारताचाच अविभाज्य भाग आहे, त्याला पाकिस्तानच्या पत्राची गरज नाही. एका व्हिसात रुग्णाची सोय झाली आणि १९९४ च्या संसदेच्या ठरावाची जगाला आठवणही झाली. रणगाडा न हलवता एवढे काम क्वचितच होते.

पुढे नवाझ शरीफ अपात्र ठरले, मंत्रिमंडळ बदलले आणि अझीझ त्या पदावर राहिलेच नाहीत. ज्याची सही हवी तो माणूसच गेला. १५ ऑगस्टला स्वराज यांनी प्रलंबित असलेल्या खऱ्या वैद्यकीय अर्जांना व्हिसा देण्याचे जाहीर केले, दिवाळीला पुन्हा तशीच घोषणा केली.

डिसेंबरमध्ये पाकिस्ताननेही अपवाद केला. 'मानवतेच्या दृष्टीने' जाधवांची आई आणि पत्नी यांना व्हिसा दिला. २५ डिसेंबरला इस्लामाबादेत भेट झाली ती काचेआडून. दोघींची टिकली, बांगड्या, मंगळसूत्र आधी उतरवून घेतले होते. आईला पाहताच मुलाने पहिल्यांदा विचारले ते वडिलांबद्दल, हे स्वराज यांनी संसदेत सांगितले. आई मराठीत बोलू लागली की तिला थांबवले जात होते. पत्नीचे बूट परत दिलेच नाहीत. व्हिसा दिला, पण मानवता शिक्क्यातच संपली.

आपल्या पद्धतीतही एक उणीव होती. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यात यासाठी तरतूद आहे. न्यायाधिकरणात हरलेल्या अर्जदाराला मंत्री जनहितासाठी व्हिसा देऊ शकतो. तो अधिकार मंत्र्याने स्वतःच वापरायचा आणि कारणांचे निवेदन संसदेपुढे ठेवायचे. अर्जाचा विचार केलाच पाहिजे अशी सक्ती मात्र त्याच्यावर नाही, म्हणजे तिथेही नशिबाचा भाग उरतोच. पण निदान कागद उरतो. आपल्याकडे २०१७ मध्ये लोकांना दिसणारी नोंद होती ती ट्विटरवरची. ज्याला इंग्रजीत चार ओळी लिहून मंत्र्याला गाठता आले, त्याची हाक ऐकू आली. सिंधमधल्या खेड्यातल्या बापाचे काय? सैन्यात कमांडर नियमाबाहेर परवानगी देतो तेव्हा फाइलवर कारण लिहून सही करतो. मी अशा अनेक फाइली पाहिल्या. कारण लिहायला बसले की निम्मे अपवाद तिथेच गळतात आणि उरलेले टिकतात.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना ठार मारण्यात आले, त्यात महाराष्ट्राचे सहा. दोन दिवसांनी पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्याचा आदेश निघाला. बहुतेक व्हिसांना २७ एप्रिलची मुदत होती, वैद्यकीय व्हिसाला दोन दिवस जास्त, २९ एप्रिल. तो निर्णय योग्य होता असेच मी मानतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी सिंधमधून दिल्लीला आलेली दोन भावंडे त्या आठवड्यात ऑपरेशन न होताच अटारीमार्गे परत गेली. त्यांच्या वडिलांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर दोन्ही सरकारांना विनवणी केली होती. या वेळी अपवाद झाला नाही.