केवळ अडाणीपणा म्हणून?

मन बिघडले की माणसे मानसोपचारतज्ज्ञाऐवजी गुरव, भगत, मुजावर किंवा फादरकडे का जातात? शिकल्यासवरल्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते : अडाणीपणा. प्रबोधन करा, माणसे आपोआप दवाखान्यात येतील. हे निदान अपुरे आहे आणि त्यावर बेतलेला उपायही.

आधी उपलब्धतेचे पाहू. आपल्या देशात लाख लोकसंख्येमागे सरासरी एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. देऊळ मात्र गावातच असते. तिथे फी नाही, केसपेपर नाही, ‘वेडा’ असा शिक्का नाही. जे हाताशी आहे ते धरणाऱ्याला अडाणी कसे म्हणावे?

पण प्रश्न केवळ अंतराचा नाही. बंगळुरूच्या निम्हान्समधील डॉ. रघुराम आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील मुथुस्वामी मंदिरात मुक्कामाला आलेल्या ३१ रुग्णांची पाहणी केली. ती २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होता. औषध नव्हते, उपचाराचा खास विधीही नव्हता. रुग्ण सकाळी पूजेला बसत, आवार झाडत, झाडांना पाणी घालत. घरचे एक माणूस सोबत राही. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. तेवढ्यात लक्षणांची तीव्रता सुमारे वीस टक्क्यांनी उतरली. एवढ्याशा पाहणीने दैवी सामर्थ्य सिद्ध होत नाही, पण आसरा, काम आणि आपल्या माणसाची सोबत यांचे मोल कळते. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत यातले काय मिळते?

यावर आक्षेप येईल : मग एरवाडीचे काय? आक्षेप रास्त आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी एरवाडीच्या दर्ग्याजवळील खासगी निवासात आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. श्रद्धेच्या नावाखाली माणसाला बांधणे अक्षम्यच. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा कठोरपणे राबवलाच पाहिजे.

मात्र साखळी तोडण्यासाठी श्रद्धास्थानाशी नातेच तोडावे लागत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ उपक्रमात मुजावरच रुग्णाला आवारातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. दुआ चालू राहते, गोळ्याही सुरू होतात. श्रद्धाळूंना हिणवून दवाखाने भरणार नाहीत. आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि आरोग्य खात्याने मिळून डॉक्टरला तिथे बसवावे, जिथे रुग्ण आधीच आलेला आहे.