लवकर येणारे कापूस वाण (यवतमाळ जिल्हा)

कमी दिवसांत पाते, फूल व बोंड धरून दोन-तीन वेचण्यांत शेत मोकळे करणारे कपाशीचे वाण. यवतमाळची कपाशी बहुतांशी कोरडवाहू. हलक्या, उथळ जमिनीतली ओल ऑक्टोबरनंतर झपाट्याने उतरते आणि 160 ते 180 दिवसांच्या संकरित वाणांची वरची बोंडे नेमकी तेव्हाच भरायची असतात. 140 ते 150 दिवसांचा वाण हा ताण बराचसा चुकवतो.

रानटी अमेरिकन कपाशी बहुवर्षायू. दिवस लहान झाल्याखेरीज ती फुलत नसे. दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारी झाडे निवडत माणसाने तिला हंगामी पीक केले. आजचा पैदासकार पहिली फळफांदी खोडाच्या कितव्या पेरावर फुटली, ते मोजतो. पाचव्या-सहाव्या पेरावर फुटली तर झाड लवकरचे. आधी गळफांद्याच (थेट फळ न धरणाऱ्या फांद्या) सुटत गेल्या तर उशिराचे. फुलापासून बोंड फुटेपर्यंतचे 45 ते 50 दिवस फारसे कमी होत नाहीत. दिवस वाचवायचे ते फुलाआधी, आणि बहर एकवटून.

असे आटोपशीर झाड दाट लावता येते. 90×60 सेंमी अंतरावर हेक्टरी सुमारे 18,500 झाडे बसतात, 60×10 सेंमीवर 1,66,000. मग झाडामागे आठ-दहा बोंडेही पुरतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा ‘सुरज’ आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘एकेएच-081’ हे अशा लागवडीत वापरलेले सरळ वाण. त्यांचे बी शेतकऱ्याला घरी धरता येते. बियाणे कंपन्यांना त्यात रस नसावा, यात नवल नाही. लवकरच्या वाणाची उणीवही आहे : ऐन बहरात पावसाचा खंड पडला तर दुसऱ्या बहराने भरपाई होत नाही. लांब मुदतीचा संकर तेवढी उसंत देतो.

2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याच्या उंचीला गेलेल्या झाडांवर फवारताना औषध अंगावर येणे, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. बुटक्या आणि लवकर शेत मोकळे करून अळीचे खाद्य तोडणाऱ्या झाडाची गरज त्यातून ठळक झाली. मात्र पाणी देऊन फरदड (हंगामानंतरही पीक राखून पुढची वेचणी) घेण्याची सवय कायम असेल, तर अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळतच राहते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली नाही, तर बोंडअळीपुरता लवकरच्या वाणाचा फायदा जवळजवळ शून्य.