आजेसासऱ्यांचा बिल्ला आणि काठावरची अक्षरं

मागच्या महिन्यात न्हावऱ्यात आमच्या गटाची बैठक होती. बचतीचे पैसे मोजून झाले, वही मिटली आणि गटातल्या एका आजींनी पदराची गाठ सोडली. आत दोन बिल्ले होते, एक पांढरा आणि एक पिवळसर. पिशवीत पितळेसारखी दिसणारी एक जाड ताटलीही होती. आजी म्हणाल्या, "बाई, जुनं सामान घेणारा आलाय दारात. चांदीचा भाव देतो म्हणतोय. देऊ का?"

आम्ही म्हटलं, थांबा आजी, आधी बघू तरी काय आहे ते.

पांढऱ्या बिल्ल्यावर एका बाजूला राजाचं डोकं होतं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. राजाचं नाक पार झिजलेलं. आजी दर दिवाळीला चिंच लावून घासायच्या, देवाच्या भांड्यांबरोबर. आम्ही बिल्ला आडवा धरला आणि उन्हात काठ बघितला. काठावर बारीक इंग्रजी अक्षरं होती: आधी आकडा, मग शिपाई, मग नाव, मग १०३ आणि मराठा. ते नाव आजींच्या आजेसासऱ्यांचं निघालं. ऐंशीच्या घरातल्या आजींनी ते नाव घरात शंभरदा ऐकलेलं, पण बिल्ल्यावर ते लिहिलेलं आहे हे साठ वर्षांत कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आपल्या बाजूच्या बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्यात किंवा आढ्याला टांगलेल्या गाठोड्यात असं काही निघतं, म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झालं. आपल्याकडची हजारो पोरं तेव्हा इंग्रजांच्या फौजेत गेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले, त्यांचा दगड आजही गावात आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आजच्या इराकमध्ये कुत या गावात वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने अन्नावाचून हाल झाले, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. कैदेत गेलेल्यांतले कितीतरी परत आले नाहीत. आजींच्या घरात "बसऱ्याला गेले" एवढंच सांगायचे.

युद्ध संपल्यावर बिल्ले आले. पांढरा तो चांदीचा, वजनाला जवळपास तीन तोळे. पिवळसर तो काशाचा, त्यावर पंख असलेली बाई आहे, त्याला इंद्रधनुष्यी फीत असायची. मजूर तुकड्यांत गेलेल्यांना पांढऱ्याच्याच घडणीचा बिल्ला काशाचा मिळाला. म्हणजे ओझं वाहणाऱ्याला चांदी नाही! तेव्हा घरातला बिल्ला चांदीचा नाही म्हणून तो खोटा, असं समजू नका.

आणि ती ताटली? ती मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवायचे. साधारण पाच इंच रुंद, काशाची ओतीव, वर एक उभी बाई आणि सिंह. चौकटीत शिपायाचं नाव, पण हुद्दा नाही. शिपाई असो की साहेब, मरणानंतर सगळ्यांना एकच, असा त्यामागचा विचार. आजींच्या आजेसासूबाईंना ती मिळाली असणार. मागं राहिलेल्या त्या बाईंनी पोरगा वाढवला, आणि नवऱ्याच्या नावाची ताटली पुढं आजींच्या घरात तांब्यावर झाकण म्हणून वापरली गेली. कुणाला दोष देणार? अक्षरं इंग्रजी, घरात वाचणारं कुणी नाही.

आम्हाला सगळ्यात लागलं ते पुढचं. बसऱ्यात इंग्रज सरकारनं मेलेल्यांचं मोठं स्मारक बांधलं, त्यावर चाळीस हजारांहून जास्त जणांची आठवण आहे. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीप्रमाणे नुसता आकडा. ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं हा भेदभाव झाल्याचं २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात कबूल केलं. म्हणजे ज्याचं नाव दगडावर नाही, त्याचं नाव आजींच्या तांब्याच्या झाकणावर आहे. आणि दारातला माणूस ते चांदीच्या भावात मागत होता. वितळवला की काठ गेला, काठ गेला की माणूस गेला.

आता खरंखोटं कसं ओळखायचं? बाजारात नकला पुष्कळ आहेत. खरा बिल्ला ठशानं दाबून केलेला असतो, त्यामुळे रेघा तीक्ष्ण आणि मधली जागा गुळगुळीत. नकली बहुतेक ओतीव असतो. अक्षरं मऊ, सुजल्यासारखी दिसतात, अंगावर बारीक खड्डे असतात, कधी काठावर सांध्याची रेघही सापडते. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर खोटा समजा. पण चिकटला नाही म्हणून खरा ठरत नाही. दुसरी लबाडी नावाची. जुनं नाव कानशीनं घासून दुसरं ठोकतात, म्हणजे मोठ्या लढाईतल्या पलटणीचं नाव घालून भाव वाढवता येतो. घासलं की काठ तिथं बसका होतो, बिल्ला किंचित लहान भरतो. ताटलीवरचं नाव कोरीव नसतं, उठावाचं असतं. ते खोलगट दिसलं तर शंका घ्या. आजींच्या बाबतीत बिल्ल्यावरचं आणि ताटलीवरचं नाव जुळलं. घरातली बोललेली गोष्टही जुळली. त्या आयोगाची मेलेल्यांची यादी मोबाईलवर फुकट बघता येते, तिथं नाव शोधताना शुद्धलेखनाचे चार प्रकार करून बघावे लागतात. इंग्रज कारकुनांनी आपली नावं कशीही लिहिली आहेत.

टोपीवरच्या बिल्ल्यांचं आणखी वेगळं. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर आपल्या कोरेगाव भीमाजवळचा जयस्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो स्तंभ आपण नगर रस्त्यानं जाता-येता बघतो. स्वातंत्र्यानंतर स्तंभ जाऊन तिथं खंजीर आला. तेव्हा कुणाकडं स्तंभाचा बिल्ला असेल तर घडण जुनी. आणि स्तंभाचा बिल्ला दाखवून कुणी "हा १९६५ च्या युद्धातला" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तलवारीचं विचाराल तर तिथं भूलथापा जास्त. प्रत्येक जण "शिवकालीन" म्हणून सांगतो. आपल्याकडच्या जुन्या तलवारीची मूठ पात्याला लाखेनं बसवलेली असते, सांध्यात काळपट लाख दिसते. नव्या तलवारीला मुद्दाम गंज आणतात, आम्लानं पात्यावर लाटा उठवतात. आणि पातं परदेशी असलं म्हणून तलवार खोटी होत नाही. युरोपातून आलेलं पातं आणि इथली मूठ, अशा तलवारीला मराठ्यांनी फिरंग म्हटलं. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार तशीच आहे. लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं ती २०२५ मध्ये ४७ लाख १५ हजारांना घेतली. ओळख पटली ती पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरीत त्यांचं नाव होतं म्हणून. पुन्हा अक्षरंच बघा.

नुसत्या सांगण्यावर किती विसंबायचं हे साताऱ्याला २०२४ मध्ये आलेल्या वाघनखांनी दाखवलं. लंडनच्या ज्या संग्रहालयाची ती आहेत, त्यानंच सांगितलं की ही नखं महाराजांनी वापरलेलीच, याची खात्री करता आलेली नाही. एवढ्या मोठ्या संग्रहालयाला हे म्हणता येतं, मग आपल्यालाही "आमच्याकडं पुरावा नाही" म्हणायला लाजायचं कारण नाही.

दोन गोष्टी कायद्याच्या. शंभर वर्षांहून जुनी पुरातन वस्तू परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. हा कायदा १९७२ चा. शेतात नांगराला, विहिरीच्या खोदाईत काही पुरलेलं धन सापडलं आणि ते दहा रुपयांहून जास्त किमतीचं असलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा १८७८ चा, तरी अजून चालू आहे. घरात धारदार तलवार असेल तर पोलीस ठाण्यात विचारून घ्या. मिरवणुकीत पोरांच्या हाती तर ती देऊच नका.

आजींनी बिल्ले विकले नाहीत. सामान घेणारा दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा त्यानं भाव दुप्पट सांगितला. आम्ही काठाचे फोटो काढले, नाव, आकडा आणि पलटण गटाच्या वहीत लिहून ठेवली. बिल्ले आता सुती फडक्यात आहेत. चिंच नाही, राख नाही, पितांबरी नाही. तांब्यावर झाकायला आजींनी स्टीलची ताटली आणली. नातीनं काशाच्या ताटलीवरचं नाव मराठीत कागदावर लिहून दिलंय, आजी ते रोज एकदा वाचतात. अंगठा द्यायच्या ऐवजी सही करायला त्या याच गटात शिकल्या.

तुमच्या घरात असं काही असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. न घासता आणा.