मंगनीची अंगठी घेताना

मंगनी ठरली की दोन्ही घरं सराफाकडे निघतात. घोळ होतो तो नवरदेवाच्या अंगठीचा. पुरुषाला सोनं हराम, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग दुकानदार 'व्हाइट गोल्ड' पुढे करतो. दिसायला पांढरं, पण ते सोनंच. १८ कॅरेट म्हणजे शंभरात ७५ भाग सोनं! सरळ चांदी घ्या. हनफी मसलकात तीही एका मिस्कालच्या आत, म्हणजे साधारण ४.३७ ग्रॅमपेक्षा कमी. कोकणात बरीच घरं शाफई आहेत. प्लॅटिनमचं काय, हे आपल्या आलिमांना विचारा, सराफाला नको.

मुलीच्या अंगठीवर बीआयएसचा शिक्का, २२ कॅरेटला ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बघा. हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. दोन ग्रॅमखालच्या नाजूक अंगठीला मात्र हॉलमार्कची सक्ती नाही. तिथे पक्क्या बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घ्याच.

अजून एक. मंगनीत घातलेली अंगठी तोहफा की मेहरचा भाग, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तेव्हाच बोलून घ्यावं. मेहरमध्ये धरायची असेल तर वजनासकट निकाहनाम्यात नोंद करा. नाहीतर अंगठी वेगळी, मेहर वेगळा.