मोडीतली यंत्रे आणि मालकीचा प्रश्न

जुने तांब्या-पितळेचे भांडे मोडीत घालून नवे घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांतील भांड्यांच्या दुकानांत ती आजही पूर्णपणे लोपलेली नाही. या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. भांडे कोणी घडवले, घडवणारा तांबट अजून धंद्यात आहे की नाही, याच्याशी भांड्याच्या किमतीचा संबंध नसतो. गळू लागले तर ते झाळून घेता येते, पोटातून काळे पडले तर कल्हई करता येते आणि अगदीच निकामी झाले तर वजनावर मोड मिळते. थोडक्यात, विकत घेतलेली वस्तू शेवटच्या क्षणापर्यंत घेणाऱ्याची असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा काही वस्तू बाजारात आल्या की ज्यांनी या साध्या गृहीतकालाच धक्का दिला. 'इंटरनेट उपकरण' हे त्यांचे नाव. त्यांचा इतिहास अल्पायुषी असला तरी बोधप्रद आहे, म्हणून तो येथे मांडण्याचे योजिले आहे.

संगणक महाग आहे, अवघड आहे. सामान्य कुटुंबाला हवे असते ते केवळ टपाल पाहणे आणि संकेतस्थळे वाचणे. तेव्हा तेवढेच करणारे एक सोपे, स्वस्त, बंदिस्त यंत्र द्यावे, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या नेटप्लायन्स या कंपनीने १९९९ च्या अखेरीस 'आय-ओपनर' नावाचे असे यंत्र काढले. सपाट पडदा, कळफलक, आत क्यू.एन.एक्स. ही कार्यप्रणाली आणि अवघी १६ मेगाबाइटची फ्लॅश स्मृती. कळफलकावर पिझ्झा मागवण्यासाठी एक स्वतंत्र कळसुद्धा होती. २००० च्या आरंभी किंमत होती ९९ डॉलर. यंत्र तयार करण्याचा खर्च याहून बराच अधिक होता. हा तोटा दरमहा सुमारे २२ डॉलरच्या वर्गणीतून भरून काढायचा, असा कंपनीचा हिशेब होता. आपल्या भाषेत सांगायचे तर, दुभती म्हैस निम्म्या किमतीत द्यायची, पण दूध मात्र आमच्याच डेअरीला घालावे लागेल, असा तो व्यवहार होता.

मार्च २००० मध्ये लास वेगासच्या एका अभियंत्याने हे यंत्र उघडले. आत हार्ड डिस्क जोडण्याची जागा आहे. फक्त पिनांचा क्रम उलटा असल्याने केबल वेगळी करून घ्यावी लागते, हे त्याच्या ध्यानात आले. ती केबल जोडताच त्या यंत्रावर लिनक्स चालू लागले, विंडोज चालू लागले. ९९ डॉलरांत सपाट पडद्याचा पूर्ण संगणक हाती येतो म्हटल्यावर दुकानांत झुंबड उडाली. कंपनीने आतल्या चिपवर चिकटद्रव्य ओतले, पिना छाटल्या, वर्गणी सक्तीची केली, किंमत वाढवली. यापैकी कशाचाही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षीपर्यंत यंत्राची विक्री थांबली आणि कंपनीने नाव व धंदा दोन्ही बदलले.

थ्रीकॉम कंपनीच्या 'ऑड्रे' या यंत्राची कथा याहून छोटी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवायचे हे देखणे यंत्र ऑक्टोबर २००० मध्ये ४९९ डॉलरला बाजारात आले आणि मार्च २००१ मध्ये बंद झाले. उरलेला माल मातीमोलाने विकला गेला. परंतु त्याचे खरे घरगुती आयुष्य त्यानंतर सुरू झाले. हौशी लोकांनी त्याला घरातल्या संगणकाशी जोडले. कोणी त्यावर गाणी लावली, कोणी हवामान पाहिले, कोणी घरातले दिवे चालवले. कंपनीने कल्पिलेला वापर काही महिन्यांत संपला, तर घेणाऱ्यांनी शोधलेला वापर कितीतरी वर्षे टिकला.

हे लोण भारतापर्यंतही आले. ए.एम.डी. या चिप बनवणाऱ्या कंपनीने २००४ च्या ऑक्टोबरात 'पर्सनल इंटरनेट कम्युनिकेटर' जाहीर केला. २०१५ पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना इंटरनेटशी जोडण्याच्या तिच्या संकल्पाचा तो भाग होता, आणि भारतात तो विकण्याचे काम तेव्हा टाटांकडे आलेल्या व्ही.एस.एन.एल.कडे होते. पंखा नसलेली बंद पेटी, १२८ मेगाबाइट स्मृती, १० गिगाबाइटची डिस्क, किंमत पडद्याविना १८५ डॉलर. वापरणाऱ्याने त्यात नवे काही भरू नये, अशीच तिची रचना होती. २००६ च्या अखेरीस ए.एम.डी.ने अंग काढून घेतले. त्यानंतर दुसऱ्या एका कंपनीने तीच पेटी 'डेकटॉप' या नावाने, कोणतीही कार्यप्रणाली न भरता, ९९ डॉलरला विकली. लोकांनी तीत लिनक्स भरले आणि अत्यल्प वीज खाणारा घरगुती सर्व्हर म्हणून तिला कोपऱ्यात बसवले. मालकाची उपयुक्त वस्तू होण्यासाठी त्या पेटीला आधी कंपनीची नजर चुकवावी लागली असे नव्हे, तर कंपनीचा संकल्पच सरावा लागला.

अशी बंद पेटी त्या काळी खानदेशातल्या घरांत रुजली असती काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याची कारणे गरिबीत नाहीत. त्या दशकात आमच्या पाहण्यातल्या जळगाव-धुळ्याच्या घरांत जो संगणक आला, तो बहुधा 'असेंबल्ड' होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग यायचे आणि गावातला ओळखीचा मुलगा ते जोडून द्यायचा. भारनियमनामुळे यू.पी.एस. अपरिहार्य असे, दाबातल्या चढउताराने पॉवर सप्लाय जळाला, तर तेवढाच बदलता येई. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुरुस्ती करणाऱ्याला आतले दिसत असे, म्हणूनच ती वस्तू टिकत असे.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि मराठीचे अध्यापक या नात्याने ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. त्या काळी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे टंक वेगवेगळे असत. तो टंक उतरवून संगणकात बसवावा, तेव्हा कोठे अक्षरे उमटत. एरवी पडद्यावर रोमन चिन्हांचा चिवडा दिसे. पुढे युनिकोड आले, तरी विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी सीडी घालून लिपीची फाइल बसवावी लागे. म्हणजे यंत्रात स्वतःच्या हाताने काही भरण्याची मुभा असणे, ही मराठी वाचकासाठी हौस नव्हती. ती वाचनाची पूर्वअट होती. ज्या पेटीत टंक बसवता येत नाही, तिच्यात मराठी वाचता येणार की नाही, हे दूर कोठेतरी बसलेला निर्माता ठरवणार. कुलूप केवळ यंत्राला असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते भाषेलाही लागते.

याची उलट बाजू महाराष्ट्रातच घडली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने 'आकाश' ही स्वस्त टॅबलेट मोठ्या गाजावाजाने जाहीर केली. पहिली आवृत्ती मंद निघाली आणि टीकेची धनी झाली. पुढची सुधारित आवृत्ती मुंबईच्या आय.आय.टी.च्या देखरेखीखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये आली. तेथील चमूने त्या टॅबलेटवर मेमरी कार्डावरून लिनक्स सुरू करून दाखवले, त्यावर प्रोग्रॅमिंग आणि गणिताची साधने बसवली. योजना कालांतराने मागे पडली. परंतु सरकारी वाटपाच्या वस्तूलाही उघडून पाहता येते आणि उघडल्यावर ती अधिक उपयोगी ठरते, हे त्या प्रयोगाने दाखवले.

येथे एक आक्षेप रास्त आहे. कंपनी तोटा सोसून वस्तू देते ती अटींवर. त्या अटी मोडून लाभ घेणे नीतीला धरून आहे काय? आय-ओपनरच्या बाबतीत हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. शिवाय जुने यंत्र इंटरनेटला जोडणे सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचे असते, आणि झाकण उघडण्याचे कसब प्रत्येक घरात नसते. मात्र कंपनीने सेवाच बंद केल्यावर करार कोणाशी उरतो? तेव्हा घेणाऱ्याच्या हाती उरते ती केवळ वस्तू. ती चालती ठेवण्याचा त्याचा हक्क नाकारणे म्हणजे तांबट वारला म्हणून घागर फोडून टाकायला सांगण्यासारखे आहे.

इतिहासाच्या अंगानेही या प्रश्नाकडे पाहता येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जी दप्तरे मिळवली, ती अनेक घरांत निरुपयोगी कागद म्हणून पडली होती. निकामी ठरवलेल्या वस्तूत काळ साठलेला असतो, हा धडा खानदेशाला नवा नाही. आय-ओपनर वा ऑड्रेविषयी आज जे तपशीलवार ज्ञान उरले आहे, त्यातला मोठा वाटा ती उघडणाऱ्या हौशी माणसांनी लिहून ठेवलेल्या टिपणांचा आहे. कंपन्यांची सेवाकेंद्रे तर केव्हाच मावळली.

आणि हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि चालू स्थितीतले असंख्य संगणक एका तारखेने जुने ठरले. त्यांपैकी कित्येकांत लिनक्स भरून ते आणखी काही वर्षे मुलांच्या अभ्यासाला वापरता येतील. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, हे स्वागतार्ह आहे. पण नुसत्या संकेतस्थळाने हक्क घरात येत नाही. नवी वस्तू घेताना आपण किंमत विचारतो, वॉरंटी विचारतो. ही उघडते का, हिच्यात आपल्या मनासारखे काही भरता येते का, आणि करणारा उद्या नसला तरी ही चालेल का, हेही दुकानदाराला विचारण्याची सवय आता लावून घ्यावी लागेल. मोड देणाऱ्या आपल्या आज्यांना हे विचारावे लागत नव्हते, कारण त्यांच्या घागरीला कुलूप नव्हते.